पाहुणे अजून बोटीतच होते

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेक वेळा वाचून हसते. पिंपळाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, मागच्या सीटवर अचानक कोणीतरी… असो. वीसेक वर्षं पोलिसात काढली. मेलेली माणसं पुष्कळ पाहिली, काहींच्या उशाशी पंचनामा होईपर्यंत एकटी बसलेही. त्यातलं एकही उठून माझ्याशी बोललं नाही. आणि आमच्या घरात तर हा विषयच बंद होता. आम्ही राहुरीचे ख्रिस्ती, वडील मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. आम्ही भावंडांनी भुताची गोष्ट काढली की ते म्हणत, "आधी एकोणतीसचा पाढा म्हणा, मग भूत बघू." पाढा होईपर्यंत भूत कंटाळून निघून जायचं.

तर अशी मी आज इथं लिहायला बसले आहे. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला बीपी तपासून घे. पास्टरसाहेबांना सांगितलं, ते प्रार्थना करू म्हणाले. दोघांचंही ऐकलं. बीपी नॉर्मल आहे.

नगर जिल्हा म्हटलं (आता अहिल्यानगर, पण जीभ वळायला वेळ लागतो) की लोकांना ऊस, टँकर आणि शनिशिंगणापूर आठवतं. पण अकोले तालुक्यात राजूरच्या पुढं गेलात तर हा जिल्हा वेगळाच आहे. डोंगर, भातखाचरं, आणि पौषात हाडं गोठवणारी थंडी. तिथल्या एका लहानशा धरणावर हे घडलं. धरणाचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. कारण शेवटी कळेल.

आदल्या वर्षी थंडीतच त्या धरणात एक माणूस गेला. किसन त्याचं नाव. तिथले लोक ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरतात, तिच्यावर बसून हातांनी वल्हवत जाळी टाकतात आणि सकाळी काढायला जातात. किसनही असाच धुक्यात जाळी काढायला गेला. ट्यूब परत आली, किसन आला नाही. आमच्यातले दोन शिपाई त्याला शोधायला तसेच पाण्यात उतरले, त्यातल्या एकाला गारठ्यानं अशी धाप लागली की त्यालाच बाहेर काढायची वेळ आली. पुढं बरेच दिवस शोध चालला. गळ टाकले, पाणबुडे आले. किसन काही सापडला नाही.

म्हणून यंदा वरून आदेश आला: थंड पाण्यातून माणूस कसा काढायचा याचं प्रशिक्षण त्याच धरणावर, त्याच दिवसांत. जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या ठाण्यांतून आम्हाला गोळा केलं. शिकवायला नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. पोलिसात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणायची रीत आहे, त्यामुळे तेही उस्तादच झाले. बारीक अंगाचे, आवाज मात्र खणखणीत.

"माणूस मरायला बर्फ लागत नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "एवढ्या गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात धाप लागते, तोंड आपोआप उघडतं, पाणी आत. त्यातून वाचलात तर पुढं बोटं जातात. बोटांत जीव राहिला नाही की दोर समोर असून धरता येत नाही."

आणि त्यांचा एक नियम होता, तो ते रोज सकाळी आमच्याकडून ओरडून घ्यायचे. बुडणाऱ्याला आधी काठी द्या, मग दोर द्या, मग रिंग द्या. हात देऊ नका. बुडणारा माणूस तुम्हाला ओळखत नसतो, तो तुमच्या अंगावर चढतो आणि एकाचे दोन होतात.

"हात?" ते विचारायचे.

"देणार नाही, उस्ताद!" आम्ही ओरडायचो. काठावर बघायला जमलेली गावातली मंडळी हसायची. पोलीस हात देत नाहीत हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

रामदास म्हणून एक शिपाई आमच्यात होता, खर्ड्याकडचा. धिप्पाड गडी, सतत काहीतरी बडबड चालू. तो एकदा म्हणाला, "उस्ताद, येकांदा साहेबच बुडाय लागला तर?"

"तर मग काठी सावकाश शोध," उस्ताद म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही सगळे पोट धरून हसलो.

मी रामदासला फार पिडायचे. तुमच्याकडं प्यायला पाणी नाही, तू पोहायला कुठं शिकलास रे? तो म्हणायचा, "हिरीत, ताई. पाठीला डबा बांधून बापानं ढकलून दिलं. वर आलो तवा पव्हता येत हुतं." आणि खरंच, आमच्यात त्याच्यासारखा पोहणारा नव्हता. माझा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे मला दोर सांभाळायचं काम होतं. पोहणाऱ्याच्या लाइफ जॅकेटला पाठीमागं हुक असतो, त्यात दोराचं टोक अडकवायचं आणि दुसरं टोक घेऊन काठावरच्यानं उभं राहायचं. लांब गेल्यावर आवाज पोचत नाही, म्हणून झटक्यांनी बोलायचं. एक झटका म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे दोर सोडा. तीन म्हणजे ओढा. आठवडाभर रामदास त्या टोकाला आणि मी या टोकाला. सवयीनं असं झालं होतं की डोळे मिटूनही मला कळायचं, तो पोहतोय, थांबलाय की नुसता चेष्टा करायला दोर हलवतोय.

बुडणारा म्हणून एक डमी होती, ती मीच तयार केली होती. जुनी खाकी पँट आणि शर्ट, आत वाळूच्या पिशव्या आणि रिकाम्या बाटल्या. डोकं म्हणून भोपळ्याएवढं गाठोडं. पाय शिवून टाकले आणि बाह्या मनगटाशी सुतळीनं घट्ट आवळून बांधल्या, वाळू बाहेर येऊ नये म्हणून. पोरांनी त्याचं नाव ठेवलं पाहुणे. "पाहुण्यांना बोटीत बसवा," "पाहुण्यांचं पोट फुटलं, ताई, टाका घाला," असं दिवसभर चालायचं.

आता जनाबद्दल सांगते. जना म्हणजे किसनची बायको. पहिल्या दिवसापासून ती काठाजवळच्या एका दगडावर येऊन बसायची. तिशीच्या आतबाहेरची, काटक. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. गावातली बाकीची माणसं करमणूक म्हणून यायची आणि कंटाळून जायची, ही बसून राहायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी माझ्यातला अर्धा चहा तिला नेऊन दिला.

"एवढ्या थंडीत कशाला बसतेस बाई?"

"बघती."

"काय बघतेस?"

"तुमी मानसं कशी काढता ते."

तिनं चहाचा एक घोट घेतला. तीच म्हणाली, "ट्यूब आली तवा समदे म्हनले, गेला. मी म्हनलं, ट्यूब म्हंजी मानूस न्हाई. डोळ्यानं बघितल्याबिगर मी कशी म्हनू, गेला म्हनून?"

तिची सासू भेटली तेव्हा बाकीचं कळलं. मी आपली मनात तयारी करून होते, की आता ही म्हातारी सुनेच्या नावानं बोटं मोडणार. तसं काही नव्हतं. पोटचा पोरगा गेला हे म्हातारीनं कधीच कबूल केलं होतं. तिला त्याचा दहावा घालायचा होता, त्याच्या नावानं कावळ्याला घास ठेवायचा होता, आणि जना घालू देत नव्हती. जनाची मुलगी राजूरकडच्या एका आश्रमशाळेत राहून शिकत होती. त्याच शाळेत जनाला स्वयंपाकाच्या कामावर बोलावलं होतं, लेकीजवळ राहायला मिळालं असतं. पण ती जायला तयार नव्हती.

"म्हंती, तितून पानी दिसत न्हाई," म्हातारी म्हणाली. "लेक तिकडं झुरतीया, ही हितं दगडावर. आन हिला अशी सोडून मला मरताबी येत न्हाई, बाई."

हे ऐकून मला रडू आलं. खोटं कशाला सांगू?

त्या दिवशी सकाळी धुकं असं उतरलं होतं की काठावरून चार हातांपुढचं काही दिसत नव्हतं. खरं तर सराव रद्द करायला हवा होता. पण उस्ताद म्हणाले, माणूस बुडताना हवामान बघून बुडत नाही. किसनही असल्याच धुक्यात गेला होता, ते काही चुकीचं बोलत नव्हते.

रोजचा क्रम असा. उस्ताद आणि एक शिपाई बोटीत पाहुण्यांना घालून आत जाणार. इंजिन बंद करणार. पाहुण्यांना पाण्यात टाकणार, धपकन आवाज येणार, आणि लगेच उस्तादांची शिट्टी. शिट्टी झाली की पोहणाऱ्यानं निघायचं. आठवडाभर रोज कितीतरी वेळा आम्ही हे केलं होतं. धप्प, शिट्टी. धप्प, शिट्टी.

बोट धुक्यात गेली. इंजिन बंद झालं. रामदास गुडघाभर पाण्यात उभा, डाव्या काखेत रिंग, पाठीला माझा दोर. माझ्या मागं दोन शिपाई, आणि जरा पलीकडे दगडावर जना. सगळीकडं शांत. थंडीनं माझे दात वाजत होते ते मलाच ऐकू येत होतं.

धप्प.

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. नंतर मी एकेकाला विचारलं आहे, सगळ्यांनी ऐकलं.

"आले पाव्हनं!" असं म्हणून रामदासनं अंग झोकून दिलं.

"अरे थांब, शिट्टी…" मी म्हणाले. पण तोवर तो गेला होता. मलाही वाटलं, होईलच आता शिट्टी. दोर माझ्या हातातून सरसर जायला लागला. शिट्टी काही झाली नाही.

बराच दोर गेला आणि थांबला. थोडा वेळ काहीच नाही. मग धुक्यातून रामदासचा आवाज आला, एकदम खूश: "धरला, ताई! हात धरला!"

पहिल्यांदा माझं डोकं फिरलं. आठवडाभर बोंबलून बोंबलून सांगितलं हात धरू नका, आणि हा शहाणा… आणि त्याच क्षणी मला आठवलं. पाहुण्यांना हात नव्हते. बाह्यांची टोकं मी स्वतः बांधली होती.

तेवढ्यात दोराला तीन झटके बसले. स्वच्छ, एकामागून एक. ओढा.

मी ओढायला लागले. आठवडाभर रामदासला ओढून त्याचं वजन माझ्या खांद्यांना पाठ झालं होतं. पाहुण्यांसकट ओढलं की कसं लागतं तेही माहीत होतं, धान्याचं पोतं फरफटत आणल्यासारखं. हे तसं नव्हतं. हे ओझं जड होतं आणि मधूनमधून स्वतःच जोर करत होतं. मागच्या दोघांनीही दोराला हात घातला. आम्ही तिघं टाचा रोवून ओढत होतो आणि मला आतून खात्री होती की त्या टोकाला दोन माणसं आहेत. कशावरून विचाराल तर सांगता येणार नाही. पाण्यात काय होतं ते मला दिसत नव्हतं, फक्त दोर कळत होता.

मग रामदास ओरडला. शब्द नव्हता, नुसता आवाज. आणि ओझं एकदम गेलं. आम्ही तिघं मागच्या मागं चिखलात बसलो.

नंतर दोर हलका आला, रोज यायचा तसा. रामदास धुक्यातून बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. रिंग काखेत होती आणि उजवा हात पुढं पसरलेला. आम्ही त्याला आडवा झोपवला, ब्लँकेटं टाकली, पण तो हात काही खाली घेईना. आणि तेव्हा डावीकडून, अगदी भलत्या बाजूनं, बोटीचं इंजिन सुरू झालं आणि उस्तादांचा आवाज आला.

"काय आरडाओरडा चाललाय तिकडं? पाहुणे अजून बोटीतच आहेत! धुक्यात आमचीच दिशा चुकली!"

यानंतर जे झालं ते मला विसरायचं आहे आणि विसरता येत नाही. जनानंही "हात धरला" ऐकलं होतं. ती दगडावरून उठली आणि सरळ पाण्यात निघाली. छातीएवढ्या पाण्यात जाईपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी गुडघ्याचा विचार न करता तिच्या मागं गेले आणि तिला कंबरेला धरून मागं ओढलं. ती ओरडत नव्हती. नवऱ्याच्या नावानं हाकही मारत नव्हती. फक्त धुक्याकडं बघत होती आणि थंडीनं तिचं सगळं अंग थाडथाड उडत होतं.

रामदासला बोलता आलं तेव्हा त्यानं सांगितलं ते असं. आवाजाच्या दिशेनं तो गेला, धुक्यात समोर काहीतरी काळसर वर-खाली होताना दिसलं, त्यानं रिंग पुढं केली. रिंग कुणी धरली नाही. म्हणून त्यानं उजवा हात घातला आणि पाण्याखाली हातात हात आला. "मला वाटलं, पाव्हनंच. कुनीतरी हातमोजं घातलं असतील म्हनलं. पर ताई, त्या हातानं माझा हात धरला. आन ऊन व्हता, ताई. चुलीपशी शेकल्यावानी ऊन."

मी विचारलं, "तीन झटके तू दिलेस?"

"न्हाई," तो म्हणाला. "येका हातात रिंग, येका हातात त्यो. पाठीमागचा दोर कशानं वढू?"

उस्तादांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, गारठ्यात मेंदू असले खेळ करतो, त्यांनी समुद्रात पाहिलं आहे, मेलेली आई समोर दिसलेली माणसंही पाहिली आहेत. दोर पाण्यातल्या जुन्या झाडाच्या खुंटात अडकला असेल, तो सुटताना झटके बसले असतील. धप्प झालं तो मोठा मासा. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर बरोबर असू शकतं. तरीही धुकं हटल्यावर त्यांनी स्वतः गळ टाकून ती जागा पिंजून काढली. बोट दिवस मावळेपर्यंत फिरत होती. काही मिळालं नाही. आणि एक सांगते, खुंटही लागला नाही.

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या शाळेच्या खोलीत जना आली. अंगावर कोरडं लुगडं, केस अजून ओले. सासू सोबत होती. रामदास भिंतीला टेकून ब्लँकेटात बसला होता. खोलीतली पोरं न सांगता उठून बाहेर गेली. मी थांबले.

जना त्याच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "भाऊ, खरं सांगा. हात त्यांचाच हुता का?"

"मला कसं ठावं असनार, वैनी? मी त्यांना कवा बघितलंच न्हाई."

"अंगठा कसा हुता?"

रामदासनं माझ्याकडं पाहिलं. मग हळू म्हणाला, "आखूड. नख नसल्यागत."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. किसनचा अंगठा कोयत्यानं तुटला होता म्हणे, लहानपणी. मला हे माहीत नव्हतं, रामदासला कुठून असणार?

जना मात्र रडली नाही. तिनं मान हलवली, जणू तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. पण ती उठली नाही. खाली बघत म्हणाली, "आजून येकच इचारते. हात सोडला कुनी? त्यांनी, का तुमी?"

मी दोराच्या या टोकाला होते, मला ते माहीत नव्हतं. मीही रामदासकडं बघत राहिले. एवढा बडबड्या माणूस, पण तो आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडं बघत बसला. बाहेर पोरं स्वयंपाकाची भांडी घासत होती, तो आवाज तेवढा येत होता.

"त्यांनी," तो शेवटी म्हणाला. "त्यांनी सोडला, वैनी. मी धरून हुतो. त्यांनीच सोडवून घेतला."

जनानं डोळे मिटले. मग सासूकडं वळून म्हणाली, "आत्या, दहावा घाला."

म्हातारी तिथंच मटकन खाली बसली आणि सुनेला कवेत घेऊन मोठ्यानं रडायला लागली. आता जनालाही रडू फुटलं. रडता रडता तिचा हात कपाळाकडं गेला तसा म्हातारीनं तो मनगटाशी पकडला. "कुंकू ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कुंकवाला हात लावू नगं. ते तुझं हाय." मी वर्षानुवर्षं चर्चमध्ये बसते, पण इतकी चांगली प्रार्थना मी तिथं क्वचित ऐकली आहे.

ट्रेनिंग संपलं. सर्टिफिकेटं मिळाली, ग्रुप फोटो झाला. दहाव्याला मी जाऊ शकले नाही, कळलं ते फोनवर. घास ठेवला आणि कावळा लगेच शिवला नाही, बराच वेळ लागला. म्हातारीनं हात जोडून काहीबाही कबूल केलं तेव्हा कुठं शिवला म्हणे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, ऐकलं ते लिहिलं. जना पुढच्याच आठवड्यात आश्रमशाळेत रुजू झाली.

इथं हा अनुभव संपला असता तर मी तो लिहिलाच नसता. गारठा, धुकं, मनाचे खेळ, असं म्हणून मीही झोपले असते. अंगठ्याचंही मी काहीतरी करून बसवलं असतं, गावात कुणाच्या तरी तोंडून रामदासच्या कानावर गेलं असेल, वगैरे.

उन्हाळ्यात शनी अमावस्येचा बंदोबस्त लागला आणि शिंगणापुरात रामदास भेटला. मला वाटलं होतं लांबूनच हाक मारेल, "काय रूथताई, दोर आनलाय का?" त्यानं नुसता सलाम केला. गडी निम्मा झाला होता. दुपारी गर्दी जरा ओसरली तेव्हा दुकानांच्या मागं सावलीत आम्ही उसाचा रस घेऊन बसलो. त्यानं रसाला तोंड लावलं नाही.

"ताई, मी त्या दिवशी खोटं बोल्लो."

मला वाटलं, हाताचं सगळंच खोटं होतं की काय. क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं.

"त्यानं न्हाई सोडला," रामदास म्हणाला. "तुमी वढाय लागला तसा त्योबी यायला लागला माझ्यासंगं. पाय मारत हुता, ताई, मला कळत हुतं. यायलाच निघाला हुता. आन मला येकदम भ्या वाटलं. उस्ताद रोज वरडून घ्यायचं, हात देनार न्हाई, हात देनार न्हाई… रिंग काखंत दाबली आन डाव्या हातानं त्याची बोटं उचकटली. येकेक करून. घट व्हती, सुटना झाली. शेवटाला त्यो आखूड अंगठा ऱ्हायला, त्योबी म्या काढला."

त्याच्या हातातला ग्लास तसाच होता. पलीकडं शनीला तेल घालायला माणसं रांगेत उभी होती, लाउडस्पीकरवरून कुणाची तरी हरवलेली चप्पल पुकारत होते.

"जिता असता तर?" तो म्हणाला.

"रामदास, वर्षभरापूर्वी गेलेला माणूस…"

"ते मला कळतं, ताई. मी अडानी न्हाई. पर तुमीच सांगा, त्या दोराला तीन झटकं दिलं कुनी?"

कधीकधी मनात येतं की आठवडाभर आम्ही त्याच पाण्यात तेच झटके देत होतो, तीन म्हणजे ओढा, आणि पाण्याखाली कुणाला शिकायचंच असेल तर ते शिकायला आठवडा पुष्कळ आहे… असलं मनात आलं की मी उठून काहीतरी कामाला लागते. वडिलांचा पाढाही म्हणून पाहिला. अर्ध्यात विसरायला होतं.

मागच्या महिन्यात अकोले कोर्टात काम होतं म्हणून तिकडं गेले होते, तशीच वाकडी वाट करून जनाला भेटून आले. आश्रमशाळेच्या चुलीपाशी मोठ्या पातेल्यात आमटी ढवळत होती. अंग जरा भरलं आहे, कपाळाला कुंकू आहे. तिची लेक आत-बाहेर करत होती, उगाच दर दोन मिनिटांनी येऊन आईचा पदर ओढून जायची. जनानं मला भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. निघताना फाटकापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "त्या भाऊंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सांगितलं म्हनून झालं, ताई. ह्यांनी आपून होऊन सोडला, तवा मला सोडता आलं. न्हाई तर मी कशी सोडनार हुते?"

"बरं केलंस," मी म्हणाले.

नमस्कार मी रामदासला पोचवला. पाण्याच्या ड्युटीतून नाव काढून घ्यायला त्यानं अर्ज केला आहे एवढं कळलं.

वाचकांपैकी कुणाकडे याचा उलगडा असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही. फक्त एक हात जोडून विनंती आहे. त्या बाजूचं कुणी हे वाचत असेल आणि नावं बदलूनही तुम्ही तिला ओळखलं असेल, तर हे तिला वाचून दाखवू नका.